फुई मावेल एवढी डिकी

आप्पा, तुझा फोन अजून वाजतो.

माय म्हणाली, बंद करून टाक. मी हो म्हटलं आणि चार्जिंगला लावला. तुझ्या फोनमध्ये माणसं कमी आणि गाड्या जास्त आहेत. 'सलीमभाई गाडी', 'तळोदा गाडी', 'सेठ लांब गाडी', 'नंदुरबार काळा धूर'. माझा, सख्ख्या बहिणीचा, नंबर तू 'दवाखाना' म्हणून ठेवला होतास. इतकी वर्षं मी तुला फोन करत होते आणि तुझ्या खिशात दवाखाना वाजत होता, हे मला तू गेल्यावर कळलं. मी हसले. माय बघते आहे असं दिसलं, तेव्हा थांबले.

तुझ्या दहाव्याला पंगत उठत असताना अक्कलकुव्याच्या सलीमभाईंचा फोन आला.

"लंबूभाऊ, आली बघा तुमच्या मनासारखी. डिझेल. मागची सीट पाडली की एकदम सपाट. या, झोपून बघून घ्या."

"तो बाहेर गेलाय," मी म्हटलं.

"परत कधी येतील?"

"सांगते."

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण त्या माणसाच्या डोक्यात तू अजून टायरला लाथ मारत, बॉनेटवर हात ठेवत फिरत होतास. तुला तिथून उठवायला माझी जीभ वळली नाही.

आपल्या फुईसाठी चाललं होतं हे सगळं. वडिलांची एकुलती एक बहीण. अक्कलकुव्याच्या पुढे, नाल्यापलीकडच्या गावात दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. मुराळी दारात आल्याशिवाय फुई कधी निघाली नाही. वडील होते तोवर ते जायचे. ते गेल्यावर तू जायला लागलास. डोक्याला रुमाल, हातात कैऱ्यांची पिशवी, आणि दारात उभं राहून ते तुझं ठरलेलं ओरडणं, "फुई, चाल, झोका बांधी ठेयेल शे!" आणि सत्तरीची ती बाई पोरीसारखी लुगडं सावरत निघायची.

मग अंगणात पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. एक पाय सरळचा सरळच राहिला. सीटवर बसून पाय खाली सोडणं तिला जमेना. त्या वर्षी तू जीप घेऊन गेलास. फुईला सीटवर बसवायला चार जणांनी धरलं आणि ती अशी किंचाळली की तू स्वतःच म्हणालास, ठेवा खाली. रिकामी जीप घेऊन परत आलास. मायने दारात तांब्या घेऊन वाट पाहिली होती. तू तो तांब्या तिच्या हातातून घेतलास, पाणी प्यालास आणि म्हणालास, "फुईले डिकीमा आनसू. आडवी झोपाडीसनी आनसू."

मी म्हटलं होतं, अँब्युलन्स कर. मी धडगावच्या सरकारी दवाखान्यात औषधं देते, मला तेच सुचणार. तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं काही मी फुईला गोणीत भरायला सांगितलं.

"आखाजीले बहीन अँब्युलन्समा आनतस का? गाव दारेदार बाहेर येई, कोन मरनं म्हनीसनी."

तेव्हापासून तुझं गाड्या बघणं सुरू झालं. तुझे नियम मला पाठ आहेत. गाडी डिझेलच हवी. सीएनजीची टाकी डिकी खाते आणि पेट्रोलची गाडी माल भरला की पाण्यासारखं पिते. जुनी चालेल, पण एका हातची, एकाच मालकाने वापरलेली. इंजिन गार असताना सुरू झालं पाहिजे. म्हणून पोचल्याबरोबर बॉनेटवर पालथा हात. गरम लागलं की राम राम करून परत, कारण मालकाने आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे गार असताना ती नखरे करते. मग ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवायचं आणि तिथून धूर फुसफुसतो का बघायचं. आणि हे सगळं पास झालं की चपला काढून, मागची सीट पाडून, डिकीत आडवं व्हायचं. उताणं. पाय सरळ. हात छातीवर.

तू आणि फुई एका उंचीचे. आपल्या घराण्यात ती लांबी तुम्हा दोघांनाच मिळाली. फुईला सुतळी लावून मोजणार कोण? म्हणून तू स्वतःच मोजमाप झालास. अक्कलकुव्यात, तळोद्यात, नंदुरबारला बायपासच्या कडेला जिथे जिथे जुन्या गाड्या उभ्या असतात तिथे तिथे तू झोपून आलास. एकदा खरंच डोळा लागला. सलीमभाई गिऱ्हाईक दाखवायला डिकी उघडतात तर आत तू घोरत. ते गिऱ्हाईक पळालं. हे तूच हसत हसत सांगितलंस.

माय हसली नव्हती. "जित्ता मानूस आडवा करीसनी मोजतस का कोनी? मढं मोजतस. बांबू तोडाले."

"मंग फुईले मोजू का? तिले सुतळी लावी तं तूच मन्हं डोकं फोडशी."

"कोनलेच नको मोजू."

"मंग डिकी कशी पसंत करू?"

"जशी पोरगी पसंत करस तशी. देखस आन् खोडी काढीसनी परत येस. तुन्हं लगीन आते डिकीसंगेच लावसूत."

लग्नाचं तिने चेष्टेत म्हटलं, पण खोडी काढायची तुझी सवय खरी होती. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही हे एक झालंच. पण ज्या दोन मिळत होत्या त्यांत तू काय काय बघितलंस ते मला माहीत आहे. गाड्यांचंही तसंच. एकीचा क्लच घसरतो, दुसरीला डिकीच्या तोंडाशी उंबरठा आहे, तिसरीचं मागचं दार बाजूला उघडतं आणि आपल्या गल्लीत भिंतीला लागेल. चौथीत सगळं बरोबर होतं. तर म्हणे, आतला वास चांगला नाही, फुईला उलटी होईल.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आप्पा. ते अर्धंच राहिलं.

शहाद्याच्या कापडवाल्या सेठजींकडे ती लांब डिकीची जुनी डिझेल कार आहे ना, मोटारीला मागे खोली जोडल्यासारखी. त्यांचे वडील राजस्थानातून आले तेव्हापासूनचं दुकान, आणि त्या गाडीत ते कापडाचे गठ्ठे आणायचे. मला ती पसंत होती. डिकी गुडघ्याएवढ्या उंचीवर. दोन बायकासुद्धा फुईला अलगद आत सरकवू शकतात. तुला मात्र उंच गाडीच हवी होती, एसयूव्ही, जिची डिकी तुझ्या कमरेशी येते. मी म्हणायचे, म्हातारीला इतकं वर उचलायचं म्हणजे तिचं दुखणं वाढवणं आहे. तू म्हणायचास, "आन् नाला? फरशीपूलवर ती तुन्ही लांबोडी घासाई. फुई मधमा आन् गाडीनं पोट दगडवर." मी म्हणायचे, नाल्यापर्यंत झोळीत आणू. तू म्हणायचास, झोळीत आणायचं तर गाडी कशाला. मग माय ओरडायची आणि आपण जेवायला बसायचो. होळीच्या सुट्टीत मी आले होते तेव्हाही हेच झालं. जाताना ओट्यावरून तू म्हणालास, "आखाजीना पहिले ठरावसूत." मी मागे वळून म्हटलं, "माझं ठरलंय."

हे आपलं शेवटचं बोलणं. वाईट नव्हतं. मी त्यात काही शोधत नाही. नुसतं अर्धं राहिलं.

तुला कळ आली ती कापसाच्या काड्या उपटताना, दुपारी. शेजारच्यांची लहान गाडी मिळाली. मी धडगावहून निघाले, मला घाटात निरोप मिळाला, म्हणून तुला नेताना मी पाहिलं नाही. पण कोणीतरी सांगितलं, आणि सांगायला नको होतं, की तू मागच्या सीटवर मावत नव्हतास. गुडघे दुमडून, डोकं मायच्या मांडीवर, असं तुला शहाद्याला नेलं. रस्त्यातच तू गेलास. गाडी मोठी असती तर वाचला असतास असं डॉक्टर म्हणाले नाहीत, कोणीच म्हणालं नाही. तरी ते दुमडलेले गुडघे मला दिसतात. औषधाच्या खिडकीत कोणी उंच माणूस वाकून चिठ्ठी आत सारतो तेव्हा दिसतात. तू सगळ्या जिल्ह्यातल्या गाड्यांत पाय पसरून झोपून आलास, आणि त्या दिवशी नेमकी ती गाडी.

माय तर म्हणतेच, "गाड्याच खाई गयात मन्हा पोऱ्याले. मोजाई मोजाई दिन्हं त्यानी सोताले." मी फार्मसी शिकलेली. हृदयाचं मला पुस्तकातून माहीत आहे. मी तिला समजावलं. समजावताना माझाच आवाज मला परका वाटला.

शिकले म्हणते, तर तेही सांगते. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या पायरीवर चढलं नव्हतं. धुळ्याच्या हॉस्टेलमधून दर सुट्टीला तू मला मोटारसायकलवर न्यायला यायचास. बाकीच्या मुली एसटीने जायच्या. मी म्हणायचे, मी येईन ना एकटी. तू म्हणायचास, लेकीला न्यायला येतात. अरे पण लग्न झाल्यावर, मी म्हणायचे. "घर सोडीसनी ऱ्हास ना? मंग झालं." पत्र्याची पेटी कॅरिअरला बांधून, मध्ये पुस्तकांची पिशवी, आणि तू दहावीपर्यंत शिकलेला माणूस रस्ताभर मला विचारत यायचास की गोळी पोटात गेल्यावर तिला कसं कळतं दुखतंय कुठे. मला तेव्हा उत्तर नीट येत नव्हतं. मी पाठ करून ठेवायचे, पुढच्या खेपेला तू विचारशील म्हणून. मी पास होत गेले त्यात तुझ्या त्या प्रश्नांचा वाटा आहे. हे तुला मी कधी बोलले नाही. आपल्यात असं बोलत नाहीत.

गाडी चालवायलाही तूच शिकवलंस. आधी रिकाम्या वावरात ट्रॅक्टर, मग कोणाची तरी पिकअप. "घाटमा ब्रेकवर पाय ठेवीसनी नको उतरू, गिअरवर उतर." धडगावचा घाट मी अजून, मोटारसायकलवरही, तुझ्या त्या वाक्यावर उतरते.

तू गेल्यावर एक गोष्ट सुरू झाली, ती कोणाला सांगितली नाही. तू नापसंत केलेल्या गाड्या विकल्या गेल्या असणार. त्या रस्त्यावर आहेत. तळोद्याच्या रस्त्याला एखादी जुनी उंच गाडी पुढे चालत असली की मी तिच्या मागच्या काचेकडे बघत राहते. आत बारदान असतं, लग्नाचं सामान असतं, एकदा शेळ्या होत्या. मला वाटतं, इथे तू झोपला होतास. हात छातीवर ठेवून. त्या लोकांना माहीत नाही. मी हॉर्न न वाजवता लांबपर्यंत तशीच मागे मागे जाते.

गुढीपाडवा झाला आणि फुईचा निरोप आला. तिच्या मुलाने, रमेशभाऊंनी, फोन तिच्या कानाला लावला. ती रडली नाही. म्हणाली, "औंदा आखाजीले मन्हा मुराळीनी घागर भरावानी शे. मी नही ऱ्हासू तं कोन ऱ्हाई? मले ली जा."

आखाजीला पितरांची घागर भरतात. यंदा आपल्या घरात नवी घागर तुझ्या नावाची होती. जो माणूस दर वर्षी आणायला जायचा त्यालाच आता बोलवायचं होतं, आणि फुईला आणायला जायला घरात पुरुष उरला नव्हता. मागून रमेशभाऊंचा आवाज आला, "माय, कोन येई आते घेवाले? हट्ट नको करू." फुई त्याला म्हणाली, "तू गप बठ. मी माहेरवाल्यास्संगे बोली ऱ्हायनू."

मी मायला म्हटलं, मी गाडी घेते. मी जाते.

माय चुलीपुढे होती. भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "डिकीमा तू झोपनार नही."

"मंग मोजू कशी?"

तिने हात धुतले, विळा घेतला, आणि आपल्या वावरातल्या उसातून एक सरळ, उंच ऊस तोडून आणला. पाल्यासकट. घरात आल्यावर दाराच्या चौकटीशी उभी राहिली. तू ज्या ठिकाणी दर वेळी डोकं वाकवायचास आणि तरी महिन्यातून एकदा आपटायचास, तिथे तिने ऊस टेकवला. "आठेलोंग लागे तो," म्हणाली आणि वरचा भाग छाटून टाकला. उरलेला ऊस माझ्या हातात दिला. तो तुझ्याएवढा होता, आप्पा. मी तो धरून उभी राहिले आणि वर बघितलं. मान तेवढीच वर करावी लागली.

मी तो ऊस एसटीतून घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "ताई, रसवंती टाकताय का?" मी हसून खिडकीतून बाहेर बघितलं. ऊस माझ्या शेजारी, दोन सीटांच्या मध्ये, तिरका उभा होता. त्याचं तिकीट कोणी मागितलं नाही.

आधी सेठजींकडे गेले. त्यांना तुझं कळलेलं होतं. त्यांनी गादीवरून उठून हात जोडले. "बहनजी, आप्पा यायचा तर आधी चहा घ्यायचा, मग गाडीला शिव्या द्यायचा. म्हणायचा, सेठ, गाडी अच्छी आहे, बसकी आहे. मी म्हणायचो, अरे, तू लांबडा आहेस, गाडीचा काय दोष!" त्यांनी गोदामात नेऊन कार उघडून दिली. डिकी खरंच गुडघ्याशी. ऊस आत सरकवला, तो सहज बसला, लांबीला वर वीतभर जागा उरली. सगळं माझ्या म्हणण्यासारखं होतं. सेठजी म्हणाले, "घेऊन टाका. तुमचीच पसंती होती ना? आप्पा सांगायचा, बहिणीला आवडते."

तू त्यांना सांगायचास. मला वाटायचं तू माझं ऐकतसुद्धा नाहीस.

मी हो म्हणणार होते. डिकीचं दार खाली ओढायला हात वर केला, आणि माझ्या लक्षात आलं की मी तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. नाल्याचं तू काहीतरी बोलशील, मग मी झोळीचं बोलेन. गोदामात कापडाच्या खळीचा वास होता. बाहेर कोणीतरी थान उलगडत होतं. तू काही बोलला नाहीस. समोरचा गप्प झालाय म्हणून जिंकायचं, हे मला जमेना. मी सेठजींना म्हटलं, एक गाडी अजून बघून येते.

सलीमभाई रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. माझ्या हातातला ऊस बघून उठले. "कोणाला मारायला आलात, ताई?"

मी नाव सांगितलं. तू गेल्याचं सांगितलं.

ते परत खुर्चीत बसले. गुडघे चोळत राहिले. मग खिशातून फोन काढला आणि मला दाखवला. "मी त्यांना फोटो टाकले या गाडीचे. निळी खूण आली. मला वाटलं, लंबूभाऊंनी बघितली, पसंत पडली असणार. मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली, ताई. म्हटलं, आता येतील."

ते फोटो मी उघडले होते. तुझ्या फोनवर, मायला दिसू नये म्हणून पाठ करून. माझं बोट लागलं आणि अक्कलकुव्यातल्या एका माणसासाठी तू जिवंत राहिलास.

गाडी पांढरी, उंच, गुजरात पासिंगची. एका हातची. मी बॉनेटवर पालथा हात ठेवला. गार होतं. ऑइलचं झाकण काढून सुरू करायला लावली, धूर नव्हता. सलीमभाई म्हणाले, "हातसुद्धा तसाच ठेवता तुम्ही." मागची सीट पाडली. तळ एकसारखा झाला, उंबरठा नाही. ऊस आत ठेवला. मावला. या गाडीत तू कधी आला नव्हतास. तू झोपला नाहीस अशी मी पाहिलेली ही पहिलीच डिकी. मला वाटलं होतं त्यामुळे बरं वाटेल. आत नुसता ऊस पडलेला होता. मी वाकून त्याच्या शेजारी हात ठेवला. मायने बजावलेलं आठवलं आणि हात काढून घेतला.

"हीच द्या," मी म्हटलं.

गुजरातची एनओसी, नवं पासिंग, सगळं सलीमभाईंनी मागे लागून करून दिलं. ऊस मायने गायीला घातला. मी विचारलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी फुईला आणायला गेले. डोक्याला तुझा रुमाल बांधला नव्हता, खांद्यावर टाकला होता. कैऱ्यांची पिशवी होती. नाल्याच्या फरशीपुलावर मधला दगड निघालेला होता, गाडी त्यावरून न घासता गेली, आणि मी मोठ्याने म्हटलं, "बरं बाबा." गाडीत कोणी नव्हतं.

फुईच्या दारात बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, "बाई मुराळी? आसं देखं नही व्हतं बापा." दुसरी म्हणाली, "गाडी हाकस ती बाई. मुराळी का न व्हवाव?" मी दारात उभी राहिले. तुझ्यासारखं ओरडायचं होतं. झोका बांधला नव्हता यंदा, दुखवट्याचं घर. मी नुसतं म्हटलं, "फुई, चाल."

रमेशभाऊ आणि तीन जणांनी तिला गोधडीवर घेतलं आणि कमरेएवढ्या त्या डिकीपर्यंत उचललं. ती कण्हली. माझंच म्हणणं खरं होतं, असं वाटून मी ओठ चावला. मी आत गादी घातली होती, उशी ठेवली होती, डोक्याकडची बाजू पुढे. म्हटलं, "फुई, आता आडवी हो."

"काबरं?"

"झोपून जायचं ना. जागा केली आहे. लांब आहे डिकी, पाय पसरतील."

तिने उशी उचलली आणि रमेशभाऊंच्या अंगावर फेकली.

"मी माहेरले जाई ऱ्हायनू, का दवाखानामा? आडवी पडीसनी काय देखू, गाडीनं छत? मन्हं गाव येई, मन्हा भाऊनं वावर येई. लोक म्हनतीन, आनी का नही फुईले? दिसाले नको मी? मले बठाड!"

आम्ही तिला बसवलं. पाठ पुढच्या सीटला टेकवून, तो सरळ पाय गादीवर लांब पसरून, तोंड मागच्या काचेकडे. ती ताठ बसली. पदर डोक्यावर घेतला. आणि तिच्या डोक्यावर गाडीचं छत बरोबर तेवढंच उंच होतं.

आप्पा, आपण दोघं कायम लांबीच मोजत राहिलो. दोन वर्षं. तू सगळ्या तालुक्यांत झोपलास, मी ऊस घेऊन फिरले. खाटेवर तिला आपण आडवीच बघत होतो, म्हणून ती आडवीच येईल असं आपण धरून चाललो. तिला एकदाही विचारलं नाही. विचारायचं तर मुराळ्याने येऊन न्यायचं असतं, त्यात विचारायचं काय. सेठजींच्या गाडीत तिचं डोकं छताला लागलं असतं. तुझीच गाडी बरोबर निघाली, आणि नाल्यासाठी नाही. हे तुला सांगायला मी इतकी आसुसले होते की स्टिअरिंगवर बसून मी खरोखर खिशात हात घातला, फोन काढायला. खिशात तुझाच फोन होता.

निघालो. आरशात मला फुईच्या पदराची मागची बाजू दिसत होती आणि तिच्यापलीकडे मागे पडत जाणारा रस्ता. अक्कलकुवा गेलं. तिचा पदर हलत नव्हता. मला वाटलं झोप लागली. तळोद्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मी वेग वाढवला, मायने स्वयंपाक मांडून ठेवला असेल म्हणून.

"ए पोरी," मागून फुई म्हणाली. "हयू हाक."

"दुखतंय का?"

"नही." ती मागच्या काचेतूनच बघत होती. तिचा हात वर गेला आणि कोणाला तरी, घाई नको, सावकाश ये, म्हणावं तसा हलला. "तो मांगे ऱ्हाई जास. त्याले येऊ दे."

मी आरशात बघितलं. ऊन होतं, धूळ होती. मी तिला विचारलं नाही कोण. तुझ्या सांगण्याप्रमाणे ब्रेकला पाय न लावता मी गिअर खाली घेतला, गाडी हळू केली. मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि ओलांडून गेला. मग एक जीप गेली. दुचाकीवरची पोरं वळून वळून बघत गेली की एवढी मोठी गाडी आणि बैलगाडीसारखी का चालली आहे.

"आली का?" मी विचारलं. म्हणायचं होतं, आला का; तोंडून गाडीचंच निघालं.

"आजून थोडं हयू," फुई म्हणाली.